बचत गटांचे आयुष्य आणि त्यांचे दप्तर

ग्रामीण स्त्रियांच्या बचत गटांविषयी जेव्हा जेव्हा सार्वजनिक चर्चा होते, तेव्हा कर्ज किती मिळाले, व्याजात सवलत किती आणि माफी केव्हा, एवढ्याच प्रश्नांभोवती ती घुटमळत राहते; परंतु पंधरा-वीस वर्षे उलटल्यावरही गट जिवंत राहावा यासाठी काय अवश्य आहे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, याचा विचार क्वचितच होतो. चेन्नईत राहणारा एक मराठी वाचक म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे, की गटाचा प्राण त्याच्या दप्तरात असतो, आणि ते दप्तर लिहिण्याचा खर्च गट जोवर स्वतःच्या मिळकतीतून करीत नाही, तोवर बाहेरून आलेले कितीही भांडवल त्याला चिरस्थायी करू शकत नाही.

आजच्या तमिळनाडूला, म्हणजे जुन्या मद्रास इलाख्याला, हा विचार नवा नाही. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर उपाय शोधण्यासाठी सनदी अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळात सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात त्यांनी जर्मनीतील रायफायझन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांचा आदर्श पुढे ठेवला. कारण त्या पेढ्या सरकारी खजिन्याच्या भरवशावर नव्हे, तर एकमेकांस ओळखणाऱ्या सभासदांच्या परस्पर जामिनकीवर उभ्या होत्या. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी तिरुवळ्ळूरनजीकच्या तिरूर गावी त्या कायद्याखालील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक नोंदली गेली.

त्यानंतर सुमारे आठ दशकांनी, १९८९ साली, आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने धर्मपुरी जिल्ह्यात स्त्रियांचे गट बांधण्याचे काम तमिळनाडूच्या महिला विकास महामंडळाने हाती घेतले आणि पुढे ‘मगळिर तिट्टम’ या नावाने ते राज्यभर पसरले. दरम्यान १९९२ साली ‘नाबार्ड’ने पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला. या साऱ्या उपक्रमांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु गटांच्या संख्येची उद्दिष्टे जसजशी वाढू लागली, तसतसे वह्या लिहिण्याचे काम संस्थेच्या पगारी कार्यकर्त्याकडे किंवा गटातील एकुलत्या एका साक्षर बाईकडे जाऊ लागले. आणि प्रकल्पाची मुदत संपून कार्यकर्ता निघून गेला, किंवा ती बाई लग्न होऊन परगावी गेली, की कोणाची शिल्लक किती आणि कोणाकडे बाकी किती हे सांगणारे कोणी उरत नाही. मग संशय उत्पन्न होतो, बैठका थांबतात आणि कागदोपत्री चालू असलेला गट प्रत्यक्षात केव्हाच मोडलेला असतो.

म्हणून वह्या लिहिणारीला गटानेच मानधन द्यावे असे सुचविले, की विचारले जाते, गरीब स्त्रियांवर लेखनिकाच्या मानधनाचा बोजा कशाला? हिशेबच पाहू. बारा जणींनी दरमहा शंभर रुपये टाकले, तर पाच वर्षांत केवळ वर्गणीचेच बहात्तर हजार जमतात. ते सर्व दरमहा शेकडा दोन दराने आपसांत कर्जाऊ फिरत राहिले, तर महिन्याला चौदाशे चाळीस रुपये व्याज येते. त्यातले दीडशे रुपये लेखनिकेला दिले, तरी तेराशेच्या घरात रक्कम गटाकडेच राहते. आणि गावातील किंवा शेजारच्या गावातील एखादी बारावी शिकलेली मुलगी वीस गटांच्या वह्या लिहू लागली, तर तिला दरमहा तीन हजारांची स्वाभिमानाची मिळकत होते. जिला आपण पैसे मोजतो, तिच्याकडे हिशेब मागण्याचा हक्कही आपोआप येतो. सरकारने फुकट पाठविलेल्या माणसाला कोणी जाब विचारीत नाही. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने ‘तेजस्विनी’ कार्यक्रमात जी लोकसंचालित साधन केंद्रे उभारली, त्यांनी गटांकडून सेवाशुल्क घेऊन आपला खर्च भागवावा असे धोरण ठेवले, ते याच तत्त्वाला धरून होते.

दुसरा मुद्दा माफीचा. तमिळनाडू सरकारने २०२१ च्या मार्चअखेर सहकारी संस्थांचे गटांकडून जे येणे होते, ते अडीच हजार कोटींहून अधिक कर्ज माफ केले. महामारीने रोजगार बुडालेल्या कुटुंबांना साहाय्य अवश्य होते, हे मी मनःपूर्वक मान्य करतो. परंतु ते साहाय्य कर्जाच्या खात्यातून दिल्याने, पोटाला चिमटा काढून ज्यांनी मुदतीत फेड केली, त्यांच्या हाती काहीच पडले नाही आणि जिच्याकडे बाकी होती तिलाच लाभ झाला. परस्पर जामिनकीवर चालणाऱ्या संस्थेला याहून घातक धडा दुसरा नाही. सरकारला मदत द्यायचीच असेल, तर ती अडचणीतील कुटुंबाच्या खात्यावर थेट जमा करावी. गटाच्या कीर्द-खतावणीत सरकारी हुकमाने खाडाखोड करू नये.

म्हणून माझी सूचना अशी, की नवे कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकांनी परतफेडीच्या टक्केवारीबरोबरच दोन गोष्टी पाहाव्यात: लेखनिकेचे मानधन गटाच्या व्याजातून दिले जाते काय, आणि वार्षिक हिशेबतपासणी बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखविली जाते काय. आणि आपल्या वाचकांपैकी जे निवृत्त शिक्षक वा बँक कर्मचारी असतील, त्यांना विनंती, की जवळच्या गावातील एखाद्या गटाच्या बैठकीला जावे. गटाच्या वह्या स्वतः लिहून देऊ नयेत, त्या लिहिणारी मुलगी त्याच गावात तयार करावी.

आपला विनम्र,
एक वाचक
मैलापूर, चेन्नई