नक्कल म्हणजे राखणदार नव्हे

आमच्या डिचोली-पेडण्याकडे गावाला राखणदार असतो. त्याला नारळ ठेवला की गाव निर्धास्त झोपतो. संगणकाच्या कारभारातही आपण असाच एक राखणदार मानला आहे. त्याचे नाव बॅकअप. ‘बॅकअप आहे ना?’ असे साहेबांनी विचारायचे, ‘आहे’ असे कारकुनाने सांगायचे आणि दोघांनीही निर्धास्त व्हायचे. या निर्धास्तपणाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

२१ जून २०२२ रोजी गोव्याच्या जलसंपदा खात्याच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. राज्यातील प्रमुख नद्यांवरच्या १५ पूरनिरीक्षण केंद्रांची माहिती त्या सर्व्हरवर जमा होत असे. हल्लेखोरांनी फायली कुलूपबंद केल्या आणि कुलूप उघडण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. महिना कोणता? जून, ऐन पावसाळ्याचा.

नदीच्या पाण्याच्या नोंदी म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी शापोरा नदीत उतरले तेव्हा डिचोली तालुक्यातले साळ आणि पेडण्यातले इब्रामपूर पाण्याखाली गेले. २३ जुलै २०२१ चा पूर १९८२ नंतरचा सर्वांत मोठा असे मुख्यमंत्र्यांनीच म्हटले होते. वरच्या अंगाला पाणी किती चढले म्हणजे खालच्या वाडीत किती वेळाने शिरते, हे मागील पुरांच्या नोंदींवरूनच कळते. त्या नोंदी गेल्या म्हणजे पुढच्या पुराची पूर्वसूचनाच अधू झाली.

यावर आपले हुशार विद्यार्थी म्हणतील, ‘सर, रेप्लिकेशन ठेवायचे!’ रेप्लिकेशन म्हणजे मुख्य सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये होणारा प्रत्येक बदल त्याच क्रमाने दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे रेप्लिकावर, उतरवणे. एका सर्व्हरची डिस्क गेली तर दुसरा उभा राहतो. उपाय चांगला आहे. परंतु रेप्लिका ही आज्ञाधारक नक्कल आहे. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकून एक तक्ता पुसला, तर तोही ती तत्परतेने पुसते. दोन्ही सर्व्हर एकाच जाळ्यात असतील, तर हल्लेखोर दोघांनाही गाठू शकतो. म्हणून अलग ठेवलेला बॅकअप हवाच. आणि खरी परीक्षा तर बॅकअप परत चढवल्यावर सुरू होते.

एक उदाहरण कल्पू. नदीकाठची पट्टी दर १५ मिनिटांनी पाण्याची पातळी मुख्य सर्व्हरला कळवते. मध्यरात्री बॅकअप घेतला तेव्हा शेवटची नोंद ५००० क्रमांकाची होती. सकाळी १० वाजता मुख्य सर्व्हर कोसळला. तोवर रेप्लिकावर ५०४० क्रमांकापर्यंतच्या नोंदी पोचल्या होत्या. आपण मुख्य सर्व्हरवर मध्यरात्रीचा बॅकअप चढवला आणि काम सुरू केले. नवी नोंद आली, तिला क्रमांक मिळाला ५००१. तिकडे रेप्लिका जुन्या लॉगची फाइल मागते आहे, जी आता मुख्य सर्व्हरवर नाही. आपण तिला नव्या लॉगचा पत्ता दिला, तर ती म्हणते, ५००१ क्रमांक माझ्याकडे आधीच आहे. आणि अडून बसते.

इथे एक कानमंत्र मिळतो: चूक वगळा, पुढे चला. मायएसक्यूएलमध्ये तशी सोय आहे. मंत्र म्हटला की रेप्लिकेशन धावू लागते आणि सगळे ठीक असल्याची खूण दिसते. परंतु झाले काय? ५००१ ते ५०४० या ४० क्रमांकांत मुख्य सर्व्हरवर बिघाडानंतरच्या दहा तासांचे पाणी आहे, तर रेप्लिकावर बिघाडापूर्वीच्या दहा तासांचे. ५०४१ पासून दोन्ही वह्या तंतोतंत जुळतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. ती रात्र पुराची असेल तर?

हा मंत्र मी स्वतः एकदा म्हटला आहे. कार्यालयाचे नाव सांगत नाही. दोष माझाच होता. संध्याकाळची शेवटची बस चुकू नये एवढीच तेव्हा चिंता होती. पुढे दोन सर्व्हरांवरून काढलेल्या याद्या जुळेनात, तेव्हा एकेक पावती हाताने ताडून पाहावी लागली.

योग्य रीत कष्टाची आहे, पण अवघड नाही. प्रथम रेप्लिकेशन थांबवावे आणि रेप्लिकाला हात लावण्यापूर्वी तिचीच एक प्रत काढून ठेवावी. आपल्या उदाहरणात रात्रीच्या ४० नोंदींची ती एकमेव साक्षीदार आहे! ती धडधाकट असेल तर तिलाच मुख्य सर्व्हर करावे. नसेल, तर तिच्यातल्या राहिलेल्या नोंदी नव्या सर्व्हरवर उतरवाव्यात. चुकून पुसल्यामुळे बॅकअप चढवला असेल, तर जपून ठेवलेले लॉग चुकीच्या अगदी आधीच्या क्षणापर्यंत चालवावेत. मग मुख्य सर्व्हरची ताजी पूर्ण प्रत काढावी, त्या क्षणी लॉग कोठे होता ते टिपून ठेवावे आणि रेप्लिका नव्याने उभारावी. डेटाची संपूर्ण डिरेक्टरी उचलली असेल, तर जुन्या सर्व्हरची ओळख-संख्या सोबत आलेली असते. तीही बदलावी, नाहीतर एकाच नावाचे दोन सर्व्हर होतात. शेवटी दोन्हीकडचे तक्ते बेरजा करून ताडावेत.

ही कथा केवळ आपल्या गरीब कार्यालयांची नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत मागे पडलेली रेप्लिका दुरुस्त करताना एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरचीच सुमारे ३०० जीबी माहिती पुसायला घेतली. क्षणभरात चूक ध्यानात आली, पण उशीर झाला होता. रोजचा बॅकअप शोधला, तर तो घेतलाच जात नव्हता. आणि तो फसत असल्याचे सांगणारी पत्रे कोणाला पोचतच नव्हती. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावले. कंपनीने सारा प्रकार जगासमोर उघड मांडला. हा प्रामाणिकपणा आपण शिकण्यासारखा आहे.

आता आपल्याकडे पाहू. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘बॅकअप घेणे’ हा प्रयोग असतो. पण घेतलेला बॅकअप परत चढवून, रेप्लिका जुळवून, दोन्हीकडची बेरीज सारखी आली असे दाखवणारा प्रयोग मला क्वचितच दिसला. प्राध्यापक म्हणतात, वेळ नाही. मला हे पटत नाही. दोन जुने संगणक आणि एक दुपार एवढेच त्याला लागते. परीक्षकाने विद्यार्थ्यासमोर मुख्य सर्व्हर बंद पाडावा आणि म्हणावे, ‘उभा कर.’ वीस गुणांच्या लेखी उत्तरापेक्षा ही परीक्षा अधिक खरी ठरेल.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या पणजीत, कोणी बेळगावात, कोणी एखाद्या तालुक्याच्या कचेरीत अशा सर्व्हरापुढे बसेल. बाहेर पाऊस कोसळत असेल, वरिष्ठ घाई करत असतील आणि तो कानमंत्र जिभेवर येईल. त्या वेळी साळची, इब्रामपूरची माणसे डोळ्यांसमोर आणा, आणि बेरीज जुळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.