तारेचा दृष्टांत अर्धा सांगू नका



गेली काही वर्षे उपदेशांतून आणि युवा शिबिरांतून बोन्सायचा एक दृष्टांत वरचेवर कानांवर येतो. माळी झाडाला तार गुंडाळतो, फांदी वाकवतो, झाडाला ते सोसावे लागते, आणि शेवटी झाड देखणे होते; तसाच देवही आपल्याला वळण लावतो. ऐकायला गोड आहे. पण हा दृष्टांत अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा गाळला तर तो आपल्या मुलांना भलतेच शिकवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तो सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या हाताने एखाद्या फांदीला तार गुंडाळली असेल, याची मला शंकाच आहे. म्हणून आधी झाडाबद्दल बोलू.

नवशिक्यांना बोन्साय म्हटले की हटकून जुनिपर आठवते. पाला बारीक, फांद्या लवचिक, आणि चार वर्षांचे रोपही म्हाताऱ्या वृक्षासारखे दिसू शकते. नाव परके वाटले तरी झाड आपल्या देशाला नवे नाही. हिमालयात त्याच्या जाती रानात वाढतात, आणि आयुर्वेदातली हपुषा म्हणजे एका जुनिपरचेच फळ. जाता जाता सांगतो: जुन्या इंग्रजी बायबलमध्ये थकलेला एलीया ज्या झुडपाखाली बसतो त्याला जुनिपर म्हटले आहे. मराठी बायबलने तिथे रताम हाच शब्द ठेवला, आणि तेच बरोबर. रताम हे शेंगा धरणारे वाळवंटी झुडूप आहे, जुनिपरशी त्याचे काही नाते नाही.

इंदूरमध्ये जुनिपर पाहुणा आहे, हे आधी मान्य करावे. आपले शहर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, पण मे महिन्यात दुपारी तो ४० च्या वर जातो. या झाडाला खरी थंडी आणि विश्रांती हवी असते, ती इथे जेमतेम मिळते. म्हणून ते बारा महिने बाहेरच ठेवावे: गच्चीवर, सकाळचे ऊन मिळेल असे, आणि एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत दुपारी हिरव्या जाळीखाली. आपली काळी माती कुंडीत घालूच नये. पावसाळ्यात ती पाणी धरून मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगाळते. विटांचा चाळलेला चुरा, जाड वाळू आणि थोडे शेणखत पुरे. ज्याला चुका पचवणारे झाड हवे त्याने वड किंवा उंबर घ्यावा. पुण्यात २०१८ साली प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय एकत्र मांडून गिनीज विक्रम केला. आपल्या हवेत ही कला फुलते, याला आणखी पुरावा नको. वडाची फांदी बोडकी केली तरी तिला बहुधा नवे डोळे फुटतात. जुनिपरच्या फांदीवरचा सगळा हिरवा पाला काढला तर ती फांदी मरते.

आता तार. आपल्याकडे तिला योग्य काळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. पहिले काही दिवस नुसते बघावे: समोरची बाजू कुठली, बुंधा कुठे वळतो, कुठल्या फांद्या एकमेकींच्या वाटेत येतात. मग खाली लोंबणारा आणि फांद्यांच्या बेचक्यांतला दुबळा पाला काढावा, तोही एका वेळी एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. तार ॲल्युमिनियमची घ्यावी, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. बोन्सायची खास तार महाग वाटली तर सर्व्हिस वायर सोलून निघणारी ॲल्युमिनियमची तारही चालते. बांधकामावरची लोखंडी बांधणीची तार मात्र नको. ती कडक असते, सालीत रुतते आणि गंजते.

एकाच तारेने शेजारच्या दोन फांद्या धराव्यात आणि मधला वेढा बुंध्यावर घ्यावा, म्हणजे एक फांदी दुसरीला आधार देते. वेढे तिरके, साधारण ४५ अंशांचे; तार सालीला टेकलेली असावी, आवळलेली नसावी. फांदी वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आत टेकवावेत आणि तारेचा वेढा वळणाच्या बाहेरच्या अंगाला असावा, कारण फांदी फाटते ती बाहेरून. आज थोडे, तीन आठवड्यांनी आणखी थोडे. ज्या हिवाळ्यात तार लावली त्या हिवाळ्यात कुंडी बदलू नये. झाडाला एका वेळी एकच मोठा धक्का द्यावा.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना मी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातल्या एका पाइनबद्दल सांगतो. १६२५ पासून ते कुंडीत वाढते आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथल्या यामाकी कुटुंबाच्या आवारात होते आणि वाचले. १९७६ मध्ये जपानने ते अमेरिकेला भेट दिले. पिढ्यान् पिढ्या पाणी घालणारे हात नसते तर कुंडीतले झाड इतके जगलेच नसते.

दृष्टांतातला गाळलेला भाग इथून सुरू होतो. तार कायमची नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊब वाढली की आणि पुन्हा पावसाळ्यात फांद्या जाड होऊ लागतात, आणि जानेवारीत सैल वाटणारी तीच तार सालीत रुतते. रुतलेल्या तारेचा मळसूत्रासारखा व्रण वर्षानुवर्षे दिसत राहतो. म्हणून फांदी वळणावर स्थिरावली नसली तरी तार काढावी लागते आणि लागलीच तर नव्या जागी पुन्हा लावावी लागते. जाड फांदीला वर्षाहून अधिक काळ लागतो. तार काढायची तीही उलटी उलगडून नाही, कारण त्यात फांदी मोडते. वायर कटरने एकेक वेढा तोडून. लावण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. जुनिपर मेल्यावरही हिरवे दिसते. मुळे संपलेली असतात, तरी पाला कित्येक आठवडे रंग धरून राहतो. पिवळेपणा दिसेपर्यंत करण्यासारखे काही उरलेले नसते. फरक हाताला आधी कळतो: पाला कोरडा, ठिसूळ लागतो. लांबून बघणाऱ्याला झाड ठणठणीत वाटते.

आता आपल्या धर्मग्रामातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींकडे बघा. कोणाशी मैत्री करायची, काय घालायचे, गायनवृंदात बसायचे की नाही, कुठल्या शाखेला जायचे: आपण किती वेढे घालतो! वळण लावण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः धर्मशिक्षणाच्या वर्गाला मदत करतो. पण दहाव्या वर्षी घातलेला वेढा सतराव्या वर्षी तसाच आहे का, हे तपासायला कोणी बसत नाही. मग दर रविवारी पहिल्या बाकावर दिसणारा मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, दोन महिन्यांत प्रार्थना सोडतो, आणि आपण म्हणतो, शहराने बिघडवला. हजेरी होती, पाठांतर होते, पाला हिरवा होता. त्याच्याजवळ बसून कोणी कधी विचारले होते का, तुला आत काय वाटते? आई-वडील, धर्मशिक्षक, आम्ही स्वयंसेवक, हे विचारणे आपले काम आहे. देव आपल्याला वळण लावतो असे सांगताना आपण नकळत त्याच्या जागी स्वतः उभे राहतो, आणि वेळेवर तार तोडण्याची जबाबदारी तेवढी त्याच्यावर सोडतो.

नाताळ जवळ आला की नर्सऱ्यांत कोनिफरची रोपे मांडली जातात आणि जुनिपरही विकले जाते. घेतलेत तर हॉलमध्ये टीव्हीशेजारी महिनाभर ठेवू नका. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आत आणा आणि २६ ला परत गच्चीवर न्या. तार लावायची असेल तर जानेवारीत लावा. मग फेब्रुवारीपासून दर रविवारी, चर्चमधून आल्यावर पाणी घालताना, तारेखाली नख शिरते का ते पाहा. शिरत नसेल तर पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका.