दुखणं थांबलं, पण युरिक ॲसिडचं काय?

मागच्या अनंत चतुर्दशीची गोष्ट. दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, ह्यांचा निर्जळ उपवास. चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही. रात्री दोनच्या सुमारास ह्यांनी मला हाक मारली. उजव्या पायाचा अंगठा लालभडक, सुजलेला, आणि पातळ चादर लागली तरी जीव कळवळत होता. सकाळी डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त तपासलं. युरिक ॲसिड ८.९. म्हणजे गाऊट.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, "अहो, हा तर दारू-मटणवाल्यांचा आजार ना?" मला तर लाजच वाटायला लागली. मग डॉक्टरांनी समजावलं आणि माझ्या बी.कॉम.च्या डोक्याला ते पटकन कळलं. हा आवक-जावकीचा हिशोब आहे. युरिक ॲसिड बरंचसं शरीरच तयार करतं आणि बहुतेक गाऊटवाल्यांची अडचण जावकीची असते, म्हणजे किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही. त्यात ह्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यानेही युरिक ॲसिड साठतं. उपवासात पाणी कमी पडतं आणि शरीरात जी आम्लं तयार होतात ती किडनीतून जाताना युरिक ॲसिडची वाट अडवतात. शिल्लक वाढत गेली की त्याचे बारीक स्फटिक सांध्यात जमतात. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी बदलली. ती इतकी वर्षं चालू होती, पण मी कधी पाकिटामागचं नावसुद्धा वाचलं नव्हतं.

दुसरी चूक माझीच. कुणीतरी सांगितलं म्हणून मी तीन महिने तुरीची आमटी बंद केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत मांस-मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला. डाळी, पालक, फ्लॉवर यांनी नाही. दूध-दही घेणाऱ्यांत तर तो कमी होता. उगाच बिचाऱ्यांना पातळ भाजीवर ठेवलं.

मग उपायांचा पाऊस सुरू झाला. सफरचंदाचं व्हिनेगर, कच्चा लसूण, आल्याचा रस मधातून. निम्मी यादी आमच्या घरात अभक्ष्यच, त्यामुळे आपोआप कटली. नणंदबाई गुळवेलीच्या काढ्यावर ठाम. आणि एका ओळखीच्यांनी परगावाहून पुड्या आणल्या, वर ना नाव ना घटक. त्यांनी दोन दिवसांत सूज उतरली. आम्ही खूश! ह्यांनी त्या महिनाभर घेतल्या आणि साखर वाढली. डॉक्टरांना स्टिरॉइडची शंका आली. पुडी कुणी तपासली नाही, पण बंद केल्यावर साखर खाली आली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

माझं म्हणणं इथेच आहे, मैत्रिणींनो. गाऊटचा झटका काहीही केलं नाही तरी आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. मग त्या वेळी जे काही चालू असेल, काढा, लेप, तांब्याचं कडं, श्रेय त्याला जातं. खरा हिशोब वेगळा आहे. दुखणं गेलं तरी रक्तातला आकडा तसाच राहतो आणि स्फटिक सांध्यात बसून राहतात. रोजकीर्द छान दिसते, ताळेबंद मात्र बुडीत! म्हणून मी आता प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारते, आकडा सहाच्या खाली आणलास का, आणि तिथे टिकवलास का? ॲलोप्युरिनॉल या गोळीने तो आणला. काढ्याने आणला नाही, चार महिने घेऊनही.

आयुर्वेदाबद्दल मनात आदर आहेच. चरकसंहितेत वातरक्तावर आख्खा अध्याय आहे आणि त्यात गुळवेलही आहे. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद त्यांचा असेल, पण लिव्हर आपलं आहे. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. आणि झाडपाला चांगला, केमिकल वाईट, हे तर मुळीच खरं नाही. झटक्यात देतात ती कोल्चिसिन एका फुलझाडाच्या कंदातूनच मिळाली, आणि ती जास्त झाली तर विषच आहे. ॲलोप्युरिनॉल औषध म्हणून विकसित करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या गर्ट्रूड एलियन यांना बाई म्हणून सुरुवातीला संशोधनाची नोकरी मिळत नव्हती. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (हे मी सुनेला मुद्दाम वाचून दाखवलं.)

गोळीचीही परीक्षा झाली. १०० मिलिग्रॅमपासून सुरू केली आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा झटका आला. "बघ, गोळी बाधली," असं सगळे म्हणाले. पण सुरुवातीला असं होऊ शकतं, गोळी थांबवू नका, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मात्र अंगावर पुरळ आलं तर लगेच बंद करून दवाखान्यात या, हेही बजावलं होतं. ते सगळं मी फ्रिजवर लिहून चिकटवलं.

मंदिरात एक काकू म्हणाल्या, "आपला अनेकांतवाद आहे ना, मग दोन्ही घ्यावं." काकूंना उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे देते. अनेकांत म्हणजे वस्तू अनेक बाजूंनी पाहा. न पाहता सगळं पोटात ढकला, असा त्याचा अर्थ मला कुणी शिकवला नाही.

कॅप्सूलच्या जिलेटिनचा प्रश्न मात्र मी केमिस्टला विचारते आणि विचारत राहणार. ह्यांची ही गोळी साधी आहे, कॅप्सूल नाही.

सध्या आकडा ५.४ आहे. यंदाच्या चतुर्दशीचं अजून ठरत नाही. ते म्हणतात निर्जळच, मी म्हणते एकासन, आणि सूर्यास्तापर्यंत भरपूर पाणी. डॉक्टर माझ्या बाजूने आहेत, पण ह्यांना महाराजांच्या तोंडून ऐकायचं आहे. रविवारी दर्शनाला जाणार आहोत. रिपोर्टची फाइल आणि गोळ्यांचं पाकीट मी पिशवीत आत्ताच घालून ठेवलं आहे.