आधी ऐब सांगा, मग भाव सांगा

मुंबई-पुण्याच्या वेगवान गाड्यांचे जुने एक्झॉस्ट हेडर लोणावळा-मावळच्या गॅरेजांत विकायला येतात. एखादा दबलेला, एखादा सांध्याशी तडकलेला. त्यावर वेल्डिंगचा थर चढवून, चंदेरी रंग मारून ‘एकदम ओके’ म्हणून विकण्याची खोड आपल्या धंद्यात आहे. ती आम्हांला मान्य नाही.

भावाचा हिशेब सरळ आहे. समजा, चांगला जुना हेडर १२ हजारांचा. दुरुस्तीचे ३ हजार आणि पुन्हा तडकण्याच्या जोखमीचे २ हजार वजा करा. तुटका माल ७ हजारांचाच. पाइप गंजून पातळ झाला असेल, तर भंगाराचा भाव.

दुरुस्तीही नीट हवी. स्टेनलेसला आर्गन वेल्डिंग करताना पाइपच्या आतही आर्गन सोडावा, नाहीतर सांधा आतून जळतो. फ्लँज जाड प्लेटवर बोल्टने आवळून घ्यावी, म्हणजे तापून वाकत नाही. सेन्सरच्या आधी बारीक गळती राहिली, तरी सेन्सर फसतो आणि पेट्रोल जास्त जळते.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे वाट वाकडी करून येते, ते विश्वासावर. कारागीर बंधूंनो, दोष आणि दुरुस्ती बिलावर लिहा. दोन पैसे कमी मिळतील, पण ते हलालचे असतील.