आठव्या महिन्याचे बाळ जगत नाही?

गेल्या पावसाळ्यात एक आजीबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. बत्तिसावा आठवडा, कळा पहाटेपासून, आणि आल्या त्या दुपारी. "इतका वेळ का थांबलात?" विचारले तर म्हणाल्या, "आठव्याचं कुठं जगतंय, डॉक्टर? सातव्याचं असतं तर गोष्ट वेगळी."

हा समज मी तीस वर्षे ऐकतो आहे आणि दर वेळी चिडतो. फुप्फुसांचा हिशोब नेमका उलटा आहे.

फुप्फुसातले सूक्ष्म वायुकोश आतून ओले असतात. ओली प्लॅस्टिकची पिशवी उघडताना कशी चिकटून बसते? तसेच हे कोश श्वास सोडताना मिटू पाहतात. ते मिटू नयेत म्हणून तिथल्याच काही पेशी एक स्निग्ध पदार्थ तयार करतात. त्याचे नाव सरफॅक्टंट. साबणासारखा तो पाण्याचा ताण कमी करतो. गर्भात तो साधारण २४ आठवड्यांनंतर बनू लागतो, पण पुरेसा साठा ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास होतो. मग आठव्याचे बाळ सातव्याच्या बाळापेक्षा कच्चे कसे?

अपुऱ्या दिवसांची बाळे धापा टाकून जातात ती या पदार्थाच्या अभावी, हे १९५९ साली अमेरिकेत मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. तरी १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींचे साडेपाच आठवडे आधी जन्मलेले बाळ ३९ तासांत गेले. तेव्हा उपायच नव्हता. आता बाहेरून सरफॅक्टंट देता येते, पण ते महाग, आणि मोठ्या रुग्णालयातच मिळायचे.

स्वस्त उपाय आईच्या दंडात आहे. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी तो १९७२ साली मांडला. आज डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार वेळा देतात. इंजेक्शन काही रुपयांचे. कळा २४ ते ३४ आठवड्यांत आल्या तर पुढे पाठवण्यापूर्वी पहिला डोस उपकेंद्रातल्या नर्सबाईंनीही द्यावा, असे केंद्र सरकारने २०१४ साली सांगितले आहे. मात्र औषधाला पुरते काम करायला दिवसभराचा अवधी लागतो. घरी घालवलेली सकाळ त्यातूनच वजा होते. आणि दिवस नक्की माहीत हवेत, ऊठसूट टोचायचे हे औषध नव्हे. म्हणून पाळीची तारीख आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवा.

दोष फक्त आजीबाईंचा नाही. आम्ही डॉक्टरही घाईत चिठ्ठी लिहून मोकळे होतो, इंजेक्शन राहून जाते.

त्या सुनेला पहिला डोस देऊन जिल्ह्याच्या गावी पाठवले. बाळंतपण दुसऱ्या दिवशी रात्री झाले. बाळाला तीन दिवस प्राणवायू लागला. आता त्याला वजनाला आजीबाईच घेऊन येतात.