विंगेतून आणि समोरून



मागे एकदा ऑफिसात नव्यानं आलेल्या मित्रानं विचारलं, "तुमच्या फोंड्यात शनिवार-रविवारी माणसं करतात काय?" मी म्हटलं, "नाटक." तो म्हणाला, "म्हणजे बघतात?" मी म्हटलं, "बघतात, नाहीतर करतात." त्याला वाटलं, मी त्याची फिरकी घेतोय.

फिरकी नव्हती. आमच्या अंत्रुज महालात देवळं जास्त, आणि देवळापुढे रंगमंच हा जवळजवळ ठरलेला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या भागातून लोकांनी आपले देव इकडे आणले, कारण फोंडा तेव्हा त्यांच्या राज्याबाहेर होता. मंगेश कुशस्थळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. (देवी जिथून निघून आली, त्या वेर्ण्याला मी रोज स्कूटरनं कामाला जातो. असो.) देव आले, मागोमाग उत्सव आले आणि उत्सवाबरोबर नाटक आलं. मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. पंडित जितेंद्र अभिषेकींचा जन्मही मंगेशीचाच. त्यामुळे आमच्याकडे पेटी वाजवणारा आणि एखादं नाट्यपद सुरात म्हणणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. लांब जावं लागतं ते इलेक्ट्रिशियन शोधायला.

गावच्या जत्रेत रात्री पालखी झाली की नाटक. अकराला सुरू होणार असं पत्रिकेत छापलेलं असतं, पण तिसरी घंटा होईपर्यंत साडेबारा वाजतात. नट गावचेच. कोणी पंचायतीत कारकून, कोणी बस कंडक्टर, कोणी माझ्यासारखा दिवसभर संगणकापुढे बसणारा. दोन महिने रात्री तालीम चालते. पहाटे साडेचारला नाटक संपतं, आणि सकाळी कंडक्टर पुन्हा बसवर असतो. मिशीचा गोंद ओठावर तसाच.

याखेरीज आता शहरांतून चांगली नाट्यगृहं झाली आहेत. फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे. मडगावात २००८ पासून रवींद्र भवन आहे. तिथल्या मोठ्या सभागृहाला 'पै तियात्रिस्त' म्हणजे जुआंव आगुश्तिन फेर्नांदिश यांचं नाव दिलंय. १८९२ साली मुंबईत पहिला कोकणी तियात्र झाला, त्यात त्यांचा वाटा होता. तीसेक किलोमीटरवर पणजीत कला अकादमी आहे. चार्ल्स कोरिया यांनी तिची रचना केली आणि इमारत १९८३ साली पूर्ण झाली. तिथल्या सुमारे हजार आसनांच्या सभागृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे, आणि बाजूच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी जुन्या थाटाच्या बाल्कन्या आणि त्यांत बसलेली माणसं रंगवली आहेत. रिकाम्या सभागृहात तालीम केली तरी कोणीतरी बघतंय असं वाटतं.

इमारती मात्र आपल्याला वाटतात तितक्या पक्क्या नसतात. कला अकादमीचं नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं ते नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माझ्या बाबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

बाबा आमच्या गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर आहेत. चौतीस वर्षं. त्यांनी तोंडाला रंग कधीच लावला नाही. डाव्या विंगेत एक लाकडी स्टूल, हातात नाटकाचं पुस्तक, बॅटरी आणि खिशात पेन्सिल.

दोन वर्षांपूर्वी त्यांना कमी ऐकू यायला लागलं. फोनवर "हॅलो, हॅलो" वाढलं, टीव्हीचा आवाज वाढला. पण विंगेत ते चुकले नाहीत. मी एकदा विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही, मग कोण कुठे अडकला हे कळतं कसं?" म्हणाले, "अरे, नट आधी डोळ्यांनी अडकतो, मग जिभेनं. मी डोळे बघतो."

गेल्या वर्षी आमच्या मंडळात मी एक ठराव मांडला. या खेपेचं नाटक देवळाच्या मंडपात न करता शहरातल्या वातानुकूलित नाट्यगृहात करूया. कोणतं ते महत्त्वाचं नाही, वर सांगितलेल्यांपैकी एक. मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. मंडपाचं डेकोरेशन, खुर्च्या, जनरेटर, ध्वनी आणि प्रकाश यांचं भाडं एका बाजूला, सभागृहाचं भाडं दुसऱ्या बाजूला. फरक फारसा नव्हता. वर स्वच्छ रंगपट, बायकांसाठी वेगळी खोली, पावसाची धास्ती नाही आणि रात्री दहाच्या आत नाटक संपणार. मुलांना हे पटलं. ज्येष्ठांनी थोडी कुरकुर केली, पण आकडे माझ्या बाजूनं होते.

एक कारण मात्र मी तक्त्यात घातलं नव्हतं. बाबांनी रात्रभर विंगेत बसू नये, असं मला वाटत होतं. तेही त्यांना न सांगता.

नाटक होतं 'संगीत संशयकल्लोळ'. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १९१६ साली रंगमंचावर आलं आणि आमच्या गावात ते दर सात-आठ वर्षांनी परत येतं. मला भादव्याची भूमिका मिळाली. फाल्गुनरावाचा नोकर. काम लहान, पण हशा मिळवणारं.

सभागृहात पहिली तालीम झाली तेव्हा मी माझा नेहमीचा उद्योग केला. रंगमंचाच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली आणि ती विरायला किती वेळ लागतो ते फोनवरच्या अॅपमध्ये मोजलं. दीड सेकंदाच्या आसपास आलं. याच्यामागे एक मजेदार गोष्ट आहे. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं, की एका शब्दाचा नाद विरायला साडेपाच सेकंद लागत. तोवर वक्त्याचे पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून व्हायचे. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायचं काम मिळालं. तो रात्री शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणायचा, मोजमाप करायचा आणि सकाळी परत नेऊन ठेवायचा. त्यातून त्यानं सूत्र काढलं : खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितकं घुमणं कमी. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्यानं काय घेतलं असेल? उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येतच नाही.

हे वाचलं तेव्हा आमचा मंडप मला पहिल्यांदा समजला. तीन बाजूंनी उघडा मंडप म्हणजे तीन भिंतींएवढ्या उघड्या खिडक्या. तिथे टाकलेला शब्द परत येत नाही, तो थेट माडांच्या बागेत जातो. म्हणून आमच्या गावचे जुने नट शब्द फेकायला शिकले. आणि गाद्यांसारखीच माणसंही आवाज शोषतात. रिकाम्या सभागृहात घुमणारं वाक्य भरलेल्या सभागृहात स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे प्रेक्षक हा नाट्यगृहाच्या बांधकामाचाच एक भाग.

त्याच तालमीत दुसरी गोष्ट कळली. रंगमंचावर वरून टांगलेले आणि पुढे जमिनीवर ठेवलेले माइक होते. बाबांनी विंगेतून पहिला शब्द दिला आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मग नटानं तोच शब्द म्हटला. सगळे हसले. ध्वनिवाल्या मुलानं अगदी अदबीनं सांगितलं, "काका, तुम्ही बोललात की डबल जातं." आवाज कमी करून बघितला, तर नटाला ऐकू जाईना; इथे विंग नटापासून मंडपातल्यापेक्षा दुप्पट लांब. शेवटी दिग्दर्शकानं ठरवलं, की या वेळी सगळ्यांनी पाठांतर पक्कं करायचं. प्रॉम्प्टिंग नाही.

बाबा काही बोलले नाहीत. पुस्तक पिशवीत ठेवलं. घरी येताना स्कूटरवर मागे बसून म्हणाले, "तुला हे आधीच माहीत होतं?" माइकचं माहीत नव्हतं, हे खरं होतं. पण त्यांनी विचारलं ते माइकबद्दल नव्हतं. मी हॉर्न वाजवला आणि उत्तर टाळलं.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही गावातून एक बस केली होती. ती भरली. पण मंडपात नाटक असतं तेव्हा बसनं कोणी येत नाही, माणसं घरून चटई घेऊन चालत येतात. आमची आजी आली नाही. "मला मध्येच घरी जाऊन पडायचं असतं, परत यायचं असतं," म्हणाली. तिच्या वयाच्या बऱ्याच जणी आल्या नाहीत. लहान मुलांच्या आयाही आल्या नाहीत. सभागृह जेमतेम निम्मं भरलं. वाक्यं घुमत होती, आणि ती का घुमताहेत हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तरी प्रयोग चांगला झाला. उजेड स्वच्छ, पदं स्वच्छ. पाठांतराच्या धाकानं मुलांनी खरोखरच मेहनत घेतली होती. दुसऱ्या अंकात मी अडकलो. वाक्य डोक्यातून साफ गेलं. सवयीनं डाव्या विंगेकडे बघितलं. तिथे अंधार. दोन सेकंद गेले असतील, पण टाळीचे दोन सेकंद वेगळे आणि हे वेगळे. फाल्गुनरावानं माझी मान पकडून स्वतःच पुढचं वाक्य म्हटलं आणि वेळ निभावली. प्रेक्षक हसले. त्यांना ते नाटकातलंच वाटलं.

प्रयोगानंतर बाबा रंगपटात आले. मला वाटलं, मी अडकलो त्यावर बोलतील, किंवा मंडपाची आठवण काढतील. ते थेट फाल्गुनरावाचं काम करणाऱ्याकडे गेले आणि त्याचा हात धरून म्हणाले, "तू एवढा हसवतोस? मला माहीतच नव्हतं रे! मला वर्षानुवर्षं तुझा फक्त कान दिसतो."

चौतीस वर्षांत त्यांनी आमच्या गावचं एकही नाटक समोरून बघितलं नव्हतं. हे घरातल्या कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

स्कूटरवर मग त्यांनी सांगितलं, "तू अडकलास तेव्हा मी वाक्य दिलं. पहिल्याच रांगेत होतो. पण शेजारचा बाई म्हणाली, 'शूऽऽ, काका, नाटक चालू आहे.'" आणि ते इतके हसले, की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. तिथेच मी त्यांना तक्त्यात न लिहिलेलं कारण सांगितलं. ते म्हणाले, "मला दमणूक झाली तर मी सांगेन. तू परस्पर ठरवू नकोस."

या वर्षी मंडळानं ठरवलंय, की जत्रेचं नाटक मंडपातच, रात्रीच, प्रॉम्प्टरसकट. आणि त्याच नाटकाचा एक प्रयोग महिन्याभरानं शहरातल्या नाट्यगृहात. तिथे बाबा समोर बसणार, आणि शेजारच्या खुर्चीवर आमच्यातलंच कोणीतरी. आजीसाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी एक लहान गाडी वेगळी, मध्यंतरात परत फिरणारी.

तुमच्या इंदूरला, बडोद्याला, बेळगावला, ग्वाल्हेरला हे कसं चालतं, मला जरूर कळवा. तुमच्या गावच्या नाट्यगृहात पुढच्या वेळी जाल तेव्हा थोडं लवकर जा आणि रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवा. मग नाटक सुरू झाल्यावर कान देऊन ऐका. जो फरक ऐकू येईल, तो तुमच्यामुळे असेल. आणि तुमच्या घरात कोणी वर्षानुवर्षं विंगेत उभं राहात असेल, पेटी वाजवत असेल, पडदा ओढत असेल, तर त्याला एकदा समोर बसवा. आधी विचारून.

तालमी सुरू झाल्या आहेत. बाबांच्या बाजूला दुसरं स्टूल ठेवलंय, त्यावर मी बसतो. मी पुस्तक टॅबवर घ्यायचं म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. का, ते त्यांचं पुस्तक हातात घेतल्यावर कळलं. समासात सगळीकडे पेन्सिलीनं बारीक खुणा आहेत. कोणत्या वाक्याला कोण अडकला, त्याचं आद्याक्षर आणि साल. आमच्या भाषेत सांगायचं तर चौतीस वर्षांचं बग रजिस्टर. काही अक्षरांची माणसं आता हयात नाहीत.

'संशयकल्लोळ'च्या दुसऱ्या अंकात, भादव्याच्या एका वाक्यापुढे, माझंही अक्षर आहे. त्यापुढे गेल्या वर्षाचं साल, आणि कंसात : 'समोरून'.