चारनंतरचे पाणी

चैत्र सरत आला की गच्च्यांवर कुरडया-पापडांची वाळवणे पडतात, माठाला ओले फडके गुंडाळले जाते आणि ‘पूर्वी एवढे ऊन नव्हते हो’ हे वाक्य नाशिकच्या घराघरांतून ऐकू येऊ लागते. मे उजाडला, की सायंकाळी अनेकांची पावले गंगेकडे वळतात. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. तिच्या काठी, यशवंतराव महाराज पटांगणावर, महिनाभर वसंत व्याख्यानमाला चालते. कित्येक पिढ्यांनी जोपासलेला हा वाग्यज्ञ ज्येष्ठांसाठी केवळ ज्ञानाचा विषय नसतो. वर्षभर न भेटलेली माणसे तिथे भेटतात.

माझे वडील या व्याख्यानमालेचे जुने श्रोते. वय वर्षे ७९. ते आणि त्यांचे तीन मित्र ऊन कलल्यावर एकाच रिक्षाने निघतात आणि परतताना व्याख्यात्याच्या मुद्द्यांवर वाद घालत येतात. गेल्या वर्षी अशाच एका रात्री ते परतले आणि दाराच्या पायरीशी अडखळले. मी धावत जाऊन हात धरला, तर त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. ‘आई निजली का?’ असेही विचारले. आजीला जाऊन तीस वर्षे झाली होती.

घरात सगळे स्तब्ध झाले. कुणी बोलले नाही, पण प्रत्येकाच्या मनात एकच शब्द होता : विस्मरण. ‘वय झाले आता,’ असे म्हणून आम्ही कदाचित त्यांना झोपूही दिले असते. शेजारच्या वहिनींनी आग्रह धरला म्हणून त्याच रात्री डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासता तपासता पहिला प्रश्न केला, ‘दिवसभरात पाणी किती घेतले?’ उत्तर कुणालाच देता येईना. वडिलांची जीभ कोरडी पडली होती, रक्तदाब उतरला होता. शिरेवाटे द्रव दिल्यावर पहाटेपर्यंत ते पूर्ववत झाले आणि उठल्या उठल्या त्यांनी आपला चष्मा मागितला.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. समाचाराला आलेले त्यांचे मित्र सहज म्हणाले, ‘अहो, व्याख्यानाच्या दिवशी आम्ही चारनंतर पाणी घेतच नाही. भर सभेतून उठून जायचे म्हणजे बरे दिसत नाही.’ त्यांच्या दृष्टीने ती सभ्यता होती. व्याख्यात्याचा मान होता.

वाचकहो, असा संकोच आपल्याही घरात असू शकतो. लग्नाला जायचे, प्रवासाला निघायचे, रात्री दोनदा उठावे लागू नये, सुनेला हाक मारावी लागू नये, अशा अनेक कारणांनी वृद्ध माणसे पाणी मुद्दाम कमी पितात आणि ते कुणाला सांगत नाहीत. त्यात वयाचा भाग मिळतो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ‘तहान लागली की पितील’ हा भरवसा फसवा ठरतो. शरीरातील पाण्याचा साठा तरुणपणापेक्षा कमी असतो, मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती घटते आणि घामही पुरेसा येत नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणखी झपाट्याने उतरते. अशा वेळी पहिले लक्षण पुष्कळदा तहान नसून गोंधळलेले बोलणे असते. एका दिवसात उद्भवलेले विस्मरण हे वार्धक्य समजू नये. त्यामागे शरीराची काही तक्रार आहे असे मानून तातडीने डॉक्टर गाठावा.

आता खरी कसोटी पुढे होती. धाकट्या भावाने फर्मान काढले, ‘बाबा, यंदा व्याख्यान बंद. घरात पंख्याखाली बसा.’ वडील काही बोलले नाहीत. दोन दिवस ते खोलीत बसून राहिले. वर्तमानपत्राची घडी मोडली नाही, जेवणात लक्ष नव्हते. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या उशाशी ठेवलेला तांब्या पाहिला, तर तो सकाळी भरला होता तसाच होता. बाहेर जाण्याचा धोका टाळताना आम्ही त्यांना पाणी पिण्याचे निमित्तही नाकारले होते. गप्पांच्या ओघात माणूस दोन पेले पन्हे सहज पितो. एकट्याला तेच औषधासारखे वाटते.

मग आम्ही डॉक्टरांसमोर बसूनच तह केला. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली आणि दिवसभरात किती पाणी घ्यायचे ते लिहून दिले. सकाळपासून थोडे थोडे, दर तासाला. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचे आणि सभेत कडेची खुर्ची धरायची, म्हणजे उठताना कुणाचा रसभंग होत नाही. वडिलांनी यावर बरीच कुरकुर केली. पण कडेच्या खुर्चीत वारा जास्त लागतो, हा शोध त्यांचा त्यांनीच लावला. आठव्या दिवशी ते पुन्हा गंगेवर गेले. मित्रांपैकी एकाच्या पिशवीत आता पाण्याची बाटली असते आणि चौघेही तिच्यातून घेतात.

उरली दुपार. अकरा ते चार हा काळ घरातच काढावा लागतो आणि तोच सर्वांत लांब वाटतो. आम्ही त्याला माणसे आणि छंद जोडून दिले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. तिथून पुस्तक आणण्याचे काम मी सकाळच्या वेळात उरकते. दृष्टी थकल्यामुळे वडिलांना फार वेळ वाचवत नाही, म्हणून दुपारी नात दहा पाने मोठ्याने वाचते. प्रकरण संपले की दोघांनी ताक प्यायचे, असा तिचा नियम आहे. मग थोडा वेळ गाणे. वृंदावनी सारंग हा मध्याह्नीचा राग. तो ऐकताना खिडकीबाहेरच्या उन्हाचा जाच काहीसा कमी वाटतो, असे वडील म्हणतात.

चित्रपटाचा मात्र प्रश्न होता. ऐकू कमी येत असल्याने संवाद निसटतात आणि ते चिडून उठतात. एके दुपारी नातीने दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा उपलब्ध भाग लावला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेबांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी, भर उन्हाळ्यातच, मुंबईत प्रदर्शित झाला. पुढे त्यांनी चित्रनिर्मितीचे बस्तान नाशिकला हलवले आणि १९४४ मध्ये त्यांचे निधनही इथेच झाले. मूकपट असल्याने त्या दुपारी आजोबा आणि नात अगदी बरोबरीचे प्रेक्षक झाले. ‘काय म्हणाला तो?’ असे वडिलांना एकदाही विचारावे लागले नाही.

या पंधरवड्यात आपणही एवढे करून पाहावे. आपल्या घरातील ज्येष्ठांना ‘पाणी प्या’ असे सांगण्याऐवजी ‘पाणी का टाळता?’ असे एकांतात, प्रेमाने विचारावे. लघवीचा रंग गडद होणे, तोंड कोरडे पडणे, उठताना चक्कर येणे या खुणा ओळखाव्यात. जुलाब-उलटीने पाणी गेले असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवून घोट घोट द्यावे. मधुमेह, रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ, साखर व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कोणतीही गोळी मनाने बंद करू नये.

अंग भाजल्यासारखे तापले आहे, बोलणे असंबद्ध आहे किंवा शुद्ध हरपत आहे, असे दिसताच तो उष्माघात समजावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान व काखेत गार ओल्या घड्या ठेवाव्यात. शुद्ध नसताना तोंडात पाणी मुळीच घालू नये.

यंदाही मे जवळ आला आहे. परवा वडिलांनी आपणहून नवी बाटली मागितली. ‘मोठी आण,’ म्हणाले, ‘आम्ही चौघे आहोत.’